खाडीकाठच्या गोल्फ क्लबाचा इतिहास, चार प्रतींत

गोल्फ हा खेळ मी आयुष्यात एकदाही खेळलेलो नाही. तरीही या खेळाच्या एका क्लबाचा अधिकृत इतिहासकार मीच आहे, आणि त्याचा पुरावा सरकारी कचेरीत चार प्रतींत पडून आहे. कोणाला खोटं वाटत असेल तर त्याने तिथे जाऊन पाहावं. सापडायला वेळ लागेल, पण आहे.

साल १९८५. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली होती. छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला निवृत्तीत एकच गोष्ट छळते, ती म्हणजे समोर कोणी बसलेलं नसतं. चेंबूरच्या आमच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत मुलं काही कमी नव्हती. पण मी जिना चढताना दिसलो की ती दुसऱ्या जिन्याने उतरत. मी भेटेल त्याला सत्तावीस साते विचारतो, अशी माझ्याबद्दल बोलवा होती. ती खरी होती.

अशात एका संध्याकाळी नंदकुमार आला. हा माझा जुना विद्यार्थी, आता हार्बर व्ह्यू गोल्फ क्लबात कारकून होता. हा क्लब ट्रॉम्बेच्या वाटेवर, अगदी खाडीला चिकटून. नाव हार्बर व्ह्यू असलं तरी व्ह्यू तेलाच्या टाक्यांचा होता, आणि वारा फिरला की देवनारचा उकिरडा जवळच आहे हे कोणाला सांगावं लागत नसे. नंदकुमारने चहा अर्धा ठेवला आणि अडचण सांगितली. क्लबाच्या जमिनीचा पन्नास वर्षांचा भाडेपट्टा संपत आला होता. नवा पट्टा हवा तर अर्ज करा, असं सरकारने कळवलं होतं. अर्ज मराठीत, सोबत संस्थेचा संक्षिप्त इतिहास, तोही मराठीत, चार प्रतींत. क्लबात तीनशे सभासद होते. त्यांत दोन जण जर्मन जाणत होते आणि एक जण फ्रेंच. मराठीत इतिहास लिहील असा कोणी नव्हता.

"मी सेक्रेटरीसाहेबांना सांगितलं, आमचे दत्ताराम गुरुजी आहेत," नंदकुमार म्हणाला. "शाळेच्या हीरक महोत्सवाची स्मरणिका त्यांनीच लिहिली."

ती स्मरणिका मी लिहिली होती हे खरं. तिच्या उरलेल्या चारशे प्रती आमच्या पलंगाखाली होत्या हेही खरं. पण ते सांगायची ती वेळ नव्हती. मी विचार करून कळवतो म्हणालो, आणि तो जिना उतरायच्या आत गॅलरीतून हो म्हणून कळवलं.

आमच्या सौभाग्यवती वनमाला एवढंच म्हणाल्या, "जन्मभर पोरांना निबंध लिहायला लावलेत. आता तुमच्यावर आलंय."

शेजारचा काशीराम मात्र खुर्ची ओढून बसला. तो अणुकेंद्राच्या स्टोअरमध्ये होता. तिथे नेमकं काय काम करतो हे सांगायची त्याला बंदी असल्यामुळे बाकी सगळ्या विषयांवर तो मोकळेपणाने बोले. त्याने आवाज खाली आणून तीन सल्ले दिले. एक, साहेबलोकांच्या इतिहासात कोणाचा तरी खून असतोच, तो शोध. दोन, शोधलास तरी लिहू नकोस. तीन, चार प्रती मागितल्यात तर सात कर, तीन त्यांच्याच हातून हरवतात. यांतला तिसरा सल्ला पुढे अक्षरशः खरा ठरला, म्हणून त्याच्या पहिल्या दोन सल्ल्यांबद्दल मी त्याला माफ केलं आहे.

क्लबात माझं स्वागत नियमाप्रमाणे झालं. सभासद नसलेल्या माणसाला आत बसता येत नाही, म्हणून दरवाजावर मला रोज पाहुण्याची चिठ्ठी मिळे. त्या चिठ्ठीवर कारणांचा रकाना होता: खेळ, भोजन, अन्य. मी 'अन्य'मध्ये. माझ्यासोबत 'अन्य'मध्ये नळ दुरुस्त करणारा एक गृहस्थ होता. आम्हा दोघांना मुदपाकखान्यामागच्या खोलीत एकच टेबल मिळालं. त्याच्या पाईपांच्या मधे माझे कागद. पहिल्या दिवशी मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं की खानसामा चांगला चहा त्याच खोलीत पाठवतो.

सेक्रेटरी चंद्रप्रकाशसाहेब नुकतेच निवडून आले होते. त्याआधी एका मोठ्या कारखान्यात ते माणसांच्या खात्याचे मॅनेजर होते. तिथे कामगार आत येताना कार्ड घड्याळात घालत, आणि कार्डावर ठक्कन वेळ उमटे. निवृत्तीनंतर साहेबांच्या कानाला तो आवाज सापडत नव्हता, असं नंदकुमारचं निदान. मला समोर कोणी बसलेलं हवं होतं, त्यांना कोणी वेळेवर आलेलं हवं होतं. मनाने माणूस वाईट नव्हता.

"गुरुजी, दोन पानं बस," ते म्हणाले. "फाउंडर, झाडं, ट्रॉफी. खलास."

फाउंडर म्हणजे विल्टनसाहेब. दिवाणखान्यात त्यांचं तैलचित्र होतं. मिशा, हातात काठी, मागे समुद्र. सभासद त्याच्यासमोर उभे राहून नव्या पाहुण्यांना सांगत, की तिसऱ्या होलचं ते डावं वळण बघा, सहाव्याची ती सापासारखी कड बघा, काय कल्पनाशक्ती होती माणसाची. मैदान नऊ होलांचं. होल म्हणजे ज्यात चेंडू घालवायचा ते वीतभर भोक. मी सबंध मैदान एकदा पायी हिंडलो आणि मलाही ती वळणं आवडली. सरळ आखायला जागा असूनही माणसाने वाकडं आखलं, यात काहीतरी विद्या असणार, असं मास्तराच्या मनात येतंच.

दोन पानांत मजकूर संपला. मी तो नंदकुमारबरोबर कचेरीत घेऊन गेलो. तिथल्या कारकुनाने बोटाने ओळी मोजत वाचलं आणि विचारलं, "जमिनीत नऊ खड्डे आहेत असं लिहिलंय. खोदकामाची परवानगी?"

खड्डे वीतभर आहेत, हे मी हाताने दाखवलं. त्याने ते हाताने दाखवलेलं रेकॉर्डवर घेता येत नाही म्हणून सांगितलं. आजतागायत ते का बुजवले नाहीत, हाही मुद्दा निघाला. मी म्हटलं, ते बुजवले तर खेळ राहत नाही. तो म्हणाला, मग अर्ज तरी कशाला करता. हा युक्तिवाद छत्तीस वर्षांत कोणत्याही मुलाने माझ्यासमोर केला नव्हता, आणि मी मनातल्या मनात त्याला दहापैकी सात दिले. शेवटी असं ठरलं की जमीन अधिकारी अंबादासराव स्वतः येऊन खड्डे आणि जमीन पाहतील. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता. आणि इतिहास तोकडा आहे. पन्नास वर्षांत या जमिनीचं तुम्ही नेमकं काय केलंत ते नीट लिहून, सोबत जुनी कागदपत्रं जोडा.

इथे माझी खरी चूक झाली. मी जुने कागद मागितले.

माळ्यावरून दोन पेट्या खाली आल्या. एकीत इंग्रजी तक्रारवही होती. सभासदांनी सेक्रेटरीला लिहायच्या तक्रारी, सुरुवातीपासूनच्या. मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि मला फार दिवसांनी वर्ग भरल्यासारखं वाटलं. एका साहेबाने लिहिलं होतं, की पाचव्या होलमध्ये चेंडूऐवजी निवटी, म्हणजे चिखलात उड्या मारणारी मासळी, निघाली, हे कितपत योग्य आहे. दुसऱ्याचा चेंडू चिंबोरीने नेला. तो मार धरावा की नाही याबद्दल नियम स्पष्ट व्हावा. एका मडमेने नुसतं लिहिलं होतं, 'पुन्हा पाणी'. अशी दीड वर्षं गेली. मग एका पानावर एकच ओळ: धाकूच्या हाती झडप दिल्यापासून कोरडं. त्यापुढे तक्रारी सूपात मीठ जास्त असल्याच्या.

हा धाकू कोण, हे नंदकुमारला ठाऊक नव्हतं. खाडीकडे एक बांध आहे आणि त्याला उघाडी आहे, एवढं तो जाणत होता. उघाडी म्हणजे लाकडी झडप: भरतीला पाडली की खाडीचं खारं पाणी आत येत नाही, ओहोटीला उचलली की आतलं सांडपाणी बाहेर जातं. ती आता लहू पाहतो, असं तो म्हणाला. लहूचं नाव ऐकून मला बरं वाटलं. तोही माझाच विद्यार्थी. कोळीवाड्यातला, बोलायला कमी.

धाकूचं नाव कुठेतरी सापडेल म्हणून मी दुसरी पेटी उघडली. तीत नोकरांचे हजेरीपट होते, आणि सर्वांत वर चालू सालचा. नेमके तेव्हाच चंद्रप्रकाशसाहेब चहा घ्यायला आत आले. हजेरीपट पाहून त्यांचे डोळे असे लकाकले, की कार्डाचं घड्याळ सापडलं म्हणावं. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला, उभ्याउभ्या उलटला आणि एका नावावर बोट ठेवलं. लहू. कामाची वेळ आठ. आला अकराला. दुसऱ्या दिवशी पावणेबाराला, तिसऱ्या दिवशी साडेबाराला, मग सव्वा वाजता. आठवडाभर असं, आणि मग चार दिवस सरळ गैरहजर. सबंध सालभर.

सरकारी पाहणीच्या आधीच्या त्या बुधवारी दुपारी लहूला मेमो मिळाला. रविवारी कमिटी बसेल आणि काढून टाकण्याचं ठरवील. तोवर घरी बस. उघाडी रतन माळ्याकडे दिली. सकाळी नऊला पाडायची, संध्याकाळी पाचला उचलायची, कारखान्यासारखं. लहूने काही बाजू मांडली नाही. मेमोवर सही केली आणि गेला.

मी घरी आलो तो जेवलो नाही. इतिहास लिहायला गेलो आणि एका माणसाची भाकर काढून आलो. वनमालाबाई म्हणाल्या, "अहो, उशिरा येतो तर मेमो मिळणारच. तुम्ही काय कमी पोरांना बाहेर उभं केलंत?"

ते वाक्य मला लागलं, कारण बाहेर उभ्या केलेल्या पोरांत लहू होता. आठवड्याचे काही दिवस हमखास उशिरा येई. ओले पाय, गप्प तोंड. मी दाराशी उभं करी आणि तो उभा राही. कारण विचारलं का, हे आठवून पाहिलं. आठवेना.

रात्रभर तो हजेरीपट डोळ्यांपुढे होता. मी हजारो उशीर पाहिले आहेत. आळशी मुलाचा उशीर आज दहा मिनिटांचा असतो, उद्या तासाचा, परवा तो चक्क वेळेवर येऊन आपल्याला बुचकळ्यात टाकतो. उशिराला इतकी शिस्त नसते. अकरा, पावणेबारा, साडेबारा, सव्वा. रोज बरोबर पाऊण तास. मी अंथरुणात उठून बसलो आणि मोठ्याने म्हणालो, एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. ही आमची जुनी पाऊणकी, पाऊणचा पाढा. दशमान पद्धत आल्यावर शाळेतून गेली. भिंतीपलीकडून काशीरामने विचारलं, बरं नाही का.

सकाळी मी कोळीवाड्यात गेलो. लहूची आजी सगुणाबाई दारात जाळ्याच्या दोऱ्या सोडवत होती. वय ऐंशीच्या घरात, नजर पाण्यासारखी स्वच्छ. मी पाऊण तासाचं विचारल्यावर तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी चौथीत नापास झालो.

"भरती रोज पाऊन तास पुढं सरते, गुरजी," ती म्हणाली. "तुमच्या पोरांना काय शिकवत व्हते?"

मग तिने मला शिकवलं. आजची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, तीनला भरती. अष्टमी, आठ पाऊण सहा. शुद्ध असो वद्य असो, हिशोब तोच. सकाळी तसंच रात्री. सहा वाजताची भरती असली की लहू पहाटेच येऊन झडप पाडून जाई, तेव्हा हजेरीपट कुलपात असे. म्हणून ते चार दिवस गैरहजर. ज्या पाढ्यासाठी मी मुलांचे कान पिळले त्याचा उपयोग काय, हे मला माझ्या निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, ओल्या दोऱ्यांच्या ढिगाजवळ कळलं.

आणि धाकू तिचा सासरा. "सायबाचा मैदान दोनदा पान्यात गेला," तिने सांगितलं. "सायबाने कागदावर आखलेला व्हता ना. मग माज्या सासऱ्याने वरीसभर दर उधाणाला पानी जिथवर आला तिथं खुटी मारली. खुट्यांच्या रांगेनं बांध घातला." मैदान जिथे वळतं तिथे पाणी वळत होतं. तिसऱ्या होलचं डावं वळण, सहाव्याची सापासारखी कड, सगळी विल्टनसाहेबांची कल्पनाशक्ती म्हणजे धाकूच्या खुट्या होत्या. धाकूनंतर तिचा नवरा महादू, आणि आता लहू. पन्नास वर्षं क्लबाने ट्रॉफ्या वाटल्या त्या या घरातल्या लोकांनी कोरड्या ठेवलेल्या गवतावर.

लहू मागे होडीला डांबर लावत होता. मी त्याला विचारलं, तू साहेबांना हे का नाही सांगितलंस?

त्याने ब्रश डांबरात बुडवून निथळू दिला. "भरती सरकते, हे सांगायचं असतं, गुरुजी? मला वाटलं सगळ्यांना माहीत आहे."

त्याला त्या वेळी काय वाटलं असेल कोण जाणे. मला माझा सबंध वर्ग पुन्हा भरवून माफी मागावीशी वाटली. मी म्हटलं, चल, आत्ता साहेबांकडे जाऊ. तो म्हणाला, रविवारपर्यंत बस म्हणालेत, बसतो. यात राग नव्हता. त्याला सांगितलेलं काम तो करत होता.

मी एकटाच गेलो. चंद्रप्रकाशसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, गुरुजी, कारखान्यात मी याहून भारी कारणं ऐकलीत. एकाची आजी तर सात वेळा वारली. आणि बघा, रतन नऊला पाडतो, पाचला उचलतो, सब ठीक. ते दिवस खरोखर ठीक गेले. एकादशी-द्वादशीचं पाणी लहान असतं, उघाडीच्या उंबऱ्यापर्यंत जेमतेम पोचतं. माझ्या म्हणण्याला निसर्गाचीही साथ नव्हती. शुक्रवारी तर साहेबांनी रतनच्या पाठीवर शाबासकी दिली. काशीरामने सल्ला दिला की रात्री गुपचूप जाऊन झडपच काढून टाक आणि साहेबाची वाट लाव. मास्तराने असं करायचं नसतं, असं मी त्याला सांगितलं. त्याआधी मी बॅटरी शोधत होतो, ही गोष्ट इतिहासाबाहेरची आहे.

रविवारी चतुर्दशी. कमिटी दहाला बसायची होती. सभासद सकाळीच खेळायला आले. चौदा पाऊण साडेदहा. म्हणजे साडेदहाची भरती, आणि पाणी मोठं. आठपासून ते उघड्या उघाडीतून निवांत आत येत होतं. रतन बांधावर उभा राहून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होता. हुकूम नऊचा. बरोबर नऊच्या ठोक्याला त्याने झडप पाडली. अशा रीतीने आत आलेलं पाणी आत राहिलं, आणि आता त्याला बाहेर जायची सोय उरली नाही.

पाचव्या होलशी एक वजनदार कारखानदार वाकले आणि त्यांनी चेंडूऐवजी भलतंच काही हाती घेतलं. ते हातातून उडालं. पन्नास वर्षांनी तक्रारवहीत निवटी परत आली. सातव्या होलवर तर झेंड्याची काठी तेवढी दिसत होती आणि तिच्याभोवती दोन बगळे रांगेत उभे होते, जणू त्यांची पाळी पुढची.

कमिटी बसली तेव्हा सगळ्यांचे मोजे ओले होते. चंद्रप्रकाशसाहेब घसा खाकरून म्हणाले, पहिला विषय, लहूला काढण्याचा. मी मागच्या खोलीतून आत गेलो. माझ्याकडे 'अन्य'ची चिठ्ठी होती, तरीही गेलो. खेळाडूंची नावं लिहायचा फळा कोपऱ्यात होता. मी तो मधे ओढला, खिशातून खडू काढला. निवृत्त झालो तरी खडू माझ्या खिशात असतोच. आणि लिहिलं: प्रतिपदा, पाऊण. द्वितीया, दीड. असं करत आजच्या चतुर्दशीपर्यंत. शेजारी हजेरीपटातले गेल्या पंधरवड्याचे लहूचे उशीर, त्याच तिथींचे. तो दरवेळी भरतीच्या पावणेदोन तास आधी आला होता. एकदाही चुकला नव्हता.

"म्हणा माझ्यामागून," मी म्हणालो. "एक पाऊण पाऊण."

सभासद एकमेकांकडे बघू लागले. मग ते निवटीवाले कारखानदार म्हणाले, "एक पाऊण पाऊण." ते शिवाजी पार्कला मराठी शाळेत शिकले होते आणि ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षं कोणाला सांगितली नव्हती. त्यांच्यामागून बाकीचे म्हणू लागले. सात पाऊणला एक डॉक्टर अडखळले, मी थांबलो. मुलाला घाई करायची नसते. सव्वापाच, ते स्वतःच म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. पंधरा पाऊण सव्वाअकरापर्यंत आम्ही गेलो. असा वर्ग मला पुन्हा मिळणार नाही.

"उद्या काय तिथी?" मी विचारलं.

मराठी जाणणाऱ्या कारखानदारांनी चतुर्दशीत एक मिळवला. "अमावस्या."

"भरती?"

सगळे एकदम म्हणाले, सव्वाअकरा. आणि मग सगळ्यांच्या माना चंद्रप्रकाशसाहेबांकडे वळल्या, कारण सरकारी पाहणी उद्या अकराची होती.

चंद्रप्रकाशसाहेब फळ्यापाशी आले. त्यांनी दोन्ही रकाने बोटाने जुळवून पाहिले, वरून खाली, मग खालून वर. "तीस वर्षं मी लोकांची वेळ तपासली," ते हळू आवाजात म्हणाले. "इतका पंक्चुअल माणूस मला मिळाला नाही." मेमो त्यांनी फाडला नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. त्यावर 'रद्द' लिहिलं, सही केली, वेळ घातली, आणि तो घेऊन ते स्वतः चिखलातून कोळीवाड्यात गेले. मी बरोबर होतो. लहूने 'रद्द' वाचलं, डांबराचा ब्रश ठेवला, आणि उघाडीकडे चालू लागला, कारण ओहोटी लागली होती आणि आतलं पाणी बाहेर घालवायची हीच वेळ होती. सगुणाबाई साहेबांना म्हणाली, बसा, चाय घ्या. ते बसले.

सोमवारी अंबादासराव अकराला आले. बांधापलीकडे खाडी टम्म फुगून आली होती, माणसाच्या छातीइतकं पाणी मैदानाच्या पातळीच्या वर, आणि अलीकडे गवतावर मुंग्या चालत होत्या. रावांनी पाण्याकडे पाहिलं, गवताकडे पाहिलं, आणि नकळत दोन पावलं मागे सरकले. नऊ खड्ड्यांबद्दल एक शब्द काढला नाही. उघाडीवर हात ठेवून लहू उभा होता. मी नव्याने लिहिलेला इतिहास त्यांनी तिथेच उभ्याने वाचला. पहिली ओळ अशी होती: क्लबाची स्थापना श्री. विल्टन यांनी केली, जमीन श्री. धाकू यांनी केली. रावांनी पेन काढून शेरा मारला, 'मजकुराची जागेवर खात्री केली.' मी आयुष्यात पुष्कळ वह्यांवर शेरे मारले, पण माझ्या वहीवर मिळालेला हा पहिलाच. पट्टा झाला. चारपैकी तीन प्रती हरवल्या, आणि आम्ही काशीरामच्या सल्ल्याने ठेवलेल्या दिल्या.

मंगळवारी दुपारी नंदकुमार धावत आला, साहेब बोलावताहेत. मी गेलो तर चंद्रप्रकाशसाहेब बांधावर उभे, हातात टाईप केलेला तक्ता, पंधरा तिथी, पंधरा वेळा. चेहरा काळजीचा. ते म्हणाले, मी रागावत नाहीये, फक्त विचारतोय. आज प्रतिपदा, भरती पाऊणची, म्हणजे लहू अकराला यायला हवा होता, तो साडेदहालाच आला. अर्धा तास लवकर. हे पाऊणकीत बसत नाही.

खरोखर बसत नव्हतं. मी लहूकडे पाहिलं. तो झडप पाडून बसला होता.

"वारा फिरलाय, गुरुजी," तो म्हणाला. "अशा वाऱ्यात पाणी घाई करतं."

मी विचारलं, मग वाऱ्याचा हिशोब कसा धरायचा. लहूने वाऱ्याकडे तोंड केलं. मग तो फळीवर थोडा सरकला आणि आम्हा दोघांना जागा करून दिली.

"पाय सोडा पाण्यात, साहेब. गुरुजी, तुम्हीपण. आणि आता बोलू नका."

छत्तीस वर्षांत मला गप्प बसवणारा विद्यार्थी भेटला नव्हता. मी धोतर गुडघ्यावर घेतलं आणि गप्प बसलो.